मुलांची शाळा 'टायटल वन' निघाली. घर बदलायचं का?

भटकभवानी
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही डॅलसहून कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ ईस्ट बेला आलो. घर भाड्याचं आहे. शाळेचं रेटिंग मुद्दामच बघितलं नाही, कारण दहापैकी दहा रेटिंगवाल्या वस्तीतलं भाडं आमच्या बजेटमध्ये बसतच नाही. थोरली दुसरीत, धाकटा किंडरगार्टनमध्ये.

शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात दप्तरातून कागदांची थप्पी घरी आली. एक पत्र: आमची शाळा 'टायटल वन स्कूलवाइड' आहे, वार्षिक सभेला जरूर या. दुसरा कागद शाळा-पालक कराराचा. त्यावर शिक्षिकेने, आम्ही आणि चक्क लेकीनेही सही करायची (तिने शेजारी मांजर काढलं आहे). तिसरा घरच्या उत्पन्नाचा फॉर्म.

ओळखीच्या एका मराठी काकूंना सहज सांगितलं तर म्हणाल्या, "अगं बाई, टायटल वन? लीज संपली की निघा तिथून!" तेव्हापासून डोक्यात भुंगा. शाळा मला तरी बरी वाटते. बाई प्रेमळ आहेत, लेक आनंदाने जाते. मग या शिक्क्याचा अर्थ काय? फेडरल सरकार कशाचे पैसे देतं? दुपारचं जेवण इथे सगळ्यांनाच फुकट आहे, मग उत्पन्न कशाला विचारतात? आम्ही व्हिसावर आहोत, हे फॉर्म भरून पुढे ग्रीन कार्डाला काही खोट येईल का? आणि त्या सभेला जाऊन मी करू काय?

रिकामटेकडा
माहिती शून्य, पण चहा घेऊन बसलोय. चालू द्या.

खारीबिस्कीट
भटकभवानी, आधी एक मोठा श्वास घ्या. मी इलिनॉयमध्ये एका टायटल वन प्राथमिक शाळेत वाचनाची मदतनीस आहे, तेव्हा आतलं सांगते.

टायटल वन म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांना फेडरल सरकार देतं ते जादा पैसे. ही खूण शिकवण्यावरून मिळत नाही. शाळेतल्या किती मुलांच्या घरी उत्पन्न कमी आहे, त्यावरून मिळते. ते प्रमाण निदान ४० टक्के असेल तर शाळेला 'स्कूलवाइड' होता येतं, म्हणजे ते पैसे अख्ख्या शाळेच्या सुधारणेसाठी वापरता येतात. प्रमाण त्याहून कमी असेल तर 'टार्गेटेड': मागे पडलेली मुलं हेरून, त्यांची यादी करून, फक्त त्यांच्यावरच खर्च. तुमची शाळा स्कूलवाइड, म्हणजे उद्या तुमच्या लेकीला वाचनात मदत लागली तर "तुमचं उत्पन्न किती?" असं कोणी विचारणार नाही.

पैसे जातात कुठे, तर मुख्यतः माणसांवर. आमच्याकडे वाचनाच्या जादा शिक्षिका आणि माझ्यासारख्या मदतनीस या खात्यातून आहेत. वर्षातून तीनदा सगळ्या मुलांची छोटी वाचनचाचणी होते. अडखळणारी चार-पाच मुलं एका वेळी माझ्या किडनी टेबलाशी येतात (हो, त्या टेबलाला तेच म्हणतात, मधल्या खोबणीत मी बसते). अर्धा तास. आधी सुटे ध्वनी, मग ते जोडून शब्द, मग त्याच ध्वनींपुरती लिहिलेली चिमुकली पुस्तकं. वर्गात बाई मुख्य वाचनपाठ घेत असताना आम्ही मुलांना उचलून नेत नाही, नाहीतर जे आधीच कमी पडतंय तेच बुडतं. हे वेळापत्रक जुळवताना आमच्या प्रिन्सिपलबाईंचे केस पांढरे झालेत.

पहिलीतला एखादा मुलगा सप्टेंबरमध्ये पुस्तक उलटं धरतो आणि वसंतात मला वाचून दाखवताना मध्येच थांबून म्हणतो, "यू आर नॉट लिसनिंग." त्याच्या घरी दोघंही रात्रपाळीला. तिथे कोण वाचून घेणार?

अमृततुल्य
लेकीने करारावर मांजर काढलं? साक्षीदार म्हणून ग्राह्य धरावं.

रोखठोक
खारीबिस्कीट, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण हे चित्र जरा गुलाबी होतंय. मी ह्यूस्टनजवळ राहतो, घर घेताना टायटल वन शाळेची हद्द टाळली आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. 'शिकवण्याशी संबंध नाही' हे कागदावर ठीक. पण वर्गात निम्मी मुलं मागे असतील तर बाईंचा वेळ कुठे जाणार? १९६६ चा कोलमन अहवाल हेच सांगून गेला: शाळेवर किती खर्च होतो यापेक्षा घरची परिस्थिती आणि सोबतची मुलं यांनी जास्त फरक पडतो. आणि हा अहवाल टायटल वन सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी सरकारनेच काढलेला आहे! साठ वर्षं पैसे ओतले. गरीब-श्रीमंत मुलांमधली दरी मिटली का? माझ्या टॅक्समधून जातंय म्हणून विचारतो.

कोकणकडा
रोखठोक, दरी मिटली नाही म्हणून पूल पाडायचा?

रोखठोक
पूल बांधलाय कुठे, हे विचारतोय.

जुनाजाणता
या विषयाला एक जुनी बाजू आहे, ती नव्या मंडळींना सांगावीशी वाटते. मी न्यू जर्सीत १९७१ पासून आहे.

टायटल वन हा १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याचा पहिला भाग. अध्यक्ष लिंडन जॉन्सन. माणूस टेक्सासच्या खेड्यातला. कॉलेजची फी भरायला पैसे नव्हते तेव्हा शिक्षण मध्येच थांबवून १९२८ साली कोटुला नावाच्या गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत मास्तरकी केली. मुलं सकाळी उपाशीपोटी वर्गात यायची, ते तो विसरला नाही. अध्यक्ष झाल्यावर ११ एप्रिल १९६५ ला या कायद्यावर सही करायला तो वॉशिंग्टनच्या दिवाणखान्यात बसला नाही. स्वतः लहानपणी शिकला त्या एकखोली शाळेच्या अंगणात टेबल मांडलं आणि आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून सही केली.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, त्याच जॉन्सनने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी आणखी एका कायद्यावर सही केली. कोणत्या देशातून किती माणसं घ्यायची याचा जुना कोटा त्याने मोडीत काढला. माझ्यासारखे इंजिनियर त्याच दारातून आत आले. आज इथे हा धागा वाचणारे बहुतेक जण, किंवा त्यांचे आईवडील, त्याच कायद्याची देणगी आहेत.

अमृततुल्य
काका, दंडवत! म्हणजे ज्याने आपल्याला देशात घेतलं त्यानेच शाळेला पैसे दिले, आणि आपण ते पैसे मिळणारी शाळा बघून घर बदलतो. जॉन्सनसाहेब वरून बघत असतील.

रोखठोक
जॉन्सनसाहेबांनी व्हिएतनामचं काय केलं तेही बघत असतील.

कोकणकडा
धागा सायगावला पोचायच्या आत कोणीतरी कॅलिफोर्नियाच्या फॉर्मचं सांगा.

चिंगी
आले आले. मी साउथ बेमध्ये असते, शाळेच्या साइट कौन्सिलवर (शिक्षक-पालकांच्या समितीवर) आहे, त्यामुळे हा माझा दळणाचा विषय.

जेवण आधी घेऊ. देशभरचा नियम असा: घरचं उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर शाळेत जेवण फुकट, १३० ते १८५ च्या मध्ये असेल तर सवलतीत, म्हणजे दुपारच्या जेवणाचे जास्तीत जास्त ४० सेंट. २०२५-२६ साठी चार माणसांच्या घराला या रेषा वर्षाला ४१,७९५ आणि ५९,४७८ डॉलर अशा होत्या. कॅलिफोर्नियाने २०२२-२३ पासून राज्याचे पैसे घालून सगळ्याच मुलांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण फुकट केलं. घोळ इथेच झाला. पूर्वी जेवणासाठी म्हणून पालक फॉर्म भरायचे. आता "जेवण मिळतंयच, फॉर्म कशाला" म्हणून तो कचऱ्यात जातो. पण शाळेत कमी उत्पन्नाची मुलं किती, हे तर त्या फॉर्मवरूनच कळतं!

आणि त्या आकड्यावर दोन खाती चालतात. एक फेडरल टायटल वन. डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) वाट्याला किती येणार ते जनगणना खात्याच्या गरिबीच्या अंदाजावरून ठरतं, पण डिस्ट्रिक्टमधल्या कोणत्या शाळेला किती, हे ठरवताना बहुतेक ठिकाणी लंचचे आकडे वापरतात. दुसरं खातं राज्याचं. २०१३ पासून कॅलिफोर्निया कमी उत्पन्नाच्या, इंग्रजी शिकणाऱ्या आणि फॉस्टर केअरमधल्या (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेल्या) प्रत्येक मुलामागे मूळ रकमेच्या २० टक्के जादा देतं. अशी मुलं ५५ टक्क्यांहून जास्त असतील तर ५५ च्या वर जेवढी मुलं असतील त्यांच्यामागे आणखी ६५ टक्के. एका घराने फॉर्म टाळला की नुकसान शाळेचं.

भटकभवानी, तुमचं उत्पन्न रेषेच्या वर असलं तरी फॉर्म द्या. आलेले आणि न आलेले फॉर्म वेगळे करून घरोघर फोन लावणाऱ्या ऑफिसातल्या बाई तुम्हाला दुवा देतील. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी राज्यभर पट मोजतात, त्याआधी दिलात तर उत्तम.

एक गोष्ट मला स्वतःला खटकते. ही दारिद्र्यरेषा अलास्का आणि हवाई सोडून सगळ्या राज्यांना एकच. मिसिसिपीतल्या खेड्यात ५९ हजारांत चार माणसांचा संसार होईल. इथे तेवढ्यात दोन खोल्यांचं भाडं दिलं की उरलेल्यात काय खाणार? ६५ हजार मिळवणारं घर इथे 'गरीब' नाही. त्यांची मुलं दोन कुटुंबांत मिळून एका घरात राहतात आणि कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत.

सुगरण
चिंगी, सुरेख समजावलंत. आमच्याकडे ओहायोत कोणीही फॉर्म भरत नाही आणि सगळ्यांना जेवण फुकट. ते कसं?

चिंगी
तुमची शाळा सीईपी या फेडरल जेवण-योजनेत असणार. स्नॅपसारख्या (गरीब घरांना अन्नासाठी मदत देणाऱ्या) योजनांतली कुटुंबं, बेघर किंवा फॉस्टरमधली मुलं यांची नावं सरकारी याद्यांतून थेट जुळवतात. अशी मुलं ठरावीक प्रमाणाच्या वर असली की अख्ख्या शाळेला जेवण, फॉर्म रद्द. आधी हे प्रमाण ४० टक्के लागायचं, २०२३ मध्ये २५ वर आणलं. सरकार किती ताटांचे पूर्ण पैसे देणार ते काढायला त्या आकड्याला १.६ ने गुणतात. प्रमाण फार कमी असेल तर उरलेला भार डिस्ट्रिक्टने सोसायचा, म्हणून पात्र असूनही काही जण यात येत नाहीत.

रिकामटेकडा
१.६ ने गुणतात वाचून चहा गार झाला.

कायद्याचं_बोला
व्हिसाचा प्रश्न मागेच राहिला. भटकभवानी, निर्धास्त राहा. टायटल वनचे पैसे शाळेला जातात, तुमच्या मुलाच्या नावावर काहीच चढत नाही. शाळेतलं जेवण ग्रीन कार्डाच्या 'पब्लिक चार्ज' (म्हणजे अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का) या हिशोबात २०१९ च्या कडक नियमातही धरलेलं नव्हतं. फॉर्मवर इमिग्रेशनची स्थिती विचारत नाहीत. शिवाय १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालानुसार, कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सार्वजनिक शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तुमचं तर सगळं रीतसर आहे.

कावेरी_अ
फॉर्मचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. ॲडमिशनच्या वेळी 'होम लँग्वेज सर्व्हे' असतो: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी कोणती बोलता. आमच्या ग्रुपवर सर्रास सल्ला फिरतो, "मराठी लिहू नका, इंग्लिश लिहा, नाहीतर मुलाची परीक्षा घेतात आणि इंग्लिश लर्नर म्हणून वेगळं बसवतात." मी मराठी लिहिलं. परीक्षा झाली, लेक पास झाली, विषय संपला.

सुगरण
माझ्या मुलाची झाली तेव्हा तो पास झाला नाही. घाबरून बसला होता, तोंडच उघडेना. मग त्याला जादा इंग्रजीचा तास. आजीला फोनवर सांगायचं कसं, "नातू इंग्रजीत कच्चा निघाला"? पण त्या तासात तो पहिल्यांदा बोलता झाला. गट लहान, सगळी त्याच्यासारखीच. दोन वर्षांत बाहेर पडला.

रोखठोक
मी इंग्लिश लिहिलं आणि पुन्हा विचारलंत तरी तेच लिहीन. मुलगी घरात इंग्रजीच बोलते.

कावेरी_अ
मुलगी बोलते ठीक, पण तुम्ही तिच्यावर ओरडता कुठल्या भाषेत?

अमृततुल्य
रोखठोक, या धाग्यावरचा सर्वात अवघड प्रश्न तुम्हाला आलेला आहे.

रोखठोक
ओरडतो मराठीतच. मुद्दा मान्य, उत्तर बदलत नाही.

खारीबिस्कीट
सुगरण +१. हाही फेडरलशीच जोडलेला भाग. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांची लाउ विरुद्ध निकोल्स केस, १९७४. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की न कळणाऱ्या भाषेत वर्गात नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण देणं नव्हे. आता टायटल थ्रीखाली या मुलांसाठी वेगळे पैसे येतात. पालकांना जादा तास नको असेल तर नाही म्हणता येतं, पण वार्षिक परीक्षा टळत नाही. आणि शाळेने पालकांना त्यांना कळेल अशा भाषेत माहिती द्यायला हवी. सभेला दुभाषा मागायला लाजू नका, विशेषतः आजी-आजोबा मुलांना आणायला-सोडायला असतील तर.

खडूफळा
राम राम. मी सातारा जिल्ह्यात झेडपीचा मास्तर. मेव्हणा तिकडं अमेरिकेत, त्याच्या नादानं इथं आलो. तुमचं वाचून गंमत वाटली. आमच्याकडं बी केंद्राचा पैसा येतो, समग्र शिक्षातून, केंद्र ६० राज्य ४०. शाळेचा पट तीसच्या आत असंल तर वर्षाला शाळा अनुदान दहा हजार रुपये. त्यात खडू, झाडू, नळाची तोटी, सगळं. आणि तुमच्या त्या पालकांच्या सभेसारखी आमची शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात ७५ टक्के पालक पायजेत आणि निम्म्या बाया. कागदावर फक्कड. पण सुगीत सभा लावली तर मी आणि शिपाई. संध्याकाळी दिवेलागणीनंतर लावली आणि बायांना सांगितलं लेकरं घेऊनच या, तर वर्ग भरला. तिकडं पण असंच असंल.

खारीबिस्कीट
गुरुजी, अगदी असंच! आणि इथे ते कायद्यातच लिहून ठेवलंय. सभा सकाळ-संध्याकाळ अशा वेगवेगळ्या वेळी घ्यावी, आणि येण्याजाण्याची सोय, सभेपुरतं मुलं सांभाळणं, शिक्षकांनी घरी जाऊन भेटणं, यावर टायटल वनचे पैसे खर्च करायला परवानगी आहे.

पालकांसाठी वेगळा वाटाही आहे. डिस्ट्रिक्टला पाच लाख डॉलरपेक्षा जास्त टायटल वन मिळत असेल तर त्यातला निदान १ टक्का कुटुंबांच्या सहभागासाठी बाजूला काढायचा आणि त्याचे निदान ९० टक्के थेट शाळांना द्यायचे. तो कसा खर्च करायचा हे ठरवताना पालकांना विचारायचं, असं कायदा सांगतो. भटकभवानी, सभेला जाऊन करायचं काय, तर हे.

रोखठोक
हिशोब करू. डिस्ट्रिक्टला २० लाख मिळाले. १ टक्का म्हणजे २० हजार. ९० टक्के म्हणजे १८ हजार. शाळा दहा. शाळेला १,८०० डॉलर. दोन पिझ्झा पार्ट्या आणि एक बॅनर.

मूळ मुद्दाही हाच. टायटल वन वर्षाला साधारण १८ अब्ज डॉलर. आकडा मोठा वाटतो, पण निम्म्याहून जास्त सार्वजनिक शाळांना थोडं थोडं वाटतात. कारण पैसे जितक्या जास्त डिस्ट्रिक्टमध्ये जातील तितके जास्त खासदार खूष. वाटपाची सूत्रं एक नाही, चार आहेत, एकात एक अडकलेली. खरोखर गरीब शाळेला पुरेसं मिळत नाही आणि माझ्यासारख्याला वाटतं की फार खर्च होतोय.

जुनाजाणता
रोखठोक, आता तुम्ही बोललात ते माझ्या मते बरोबर आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष तुमच्या पहिल्या पोस्टच्या उलटा आहे. पैसे कमी आणि पसरलेले असतील तर साठ वर्षांत दरी का मिटली नाही, याचं निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत.

शिवाय फेडरलचा वाटा एरवी शाळांच्या एकूण डॉलरमागे आठ-दहा सेंटच. बाकी राज्य आणि स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स. म्हणून तर महागड्या घरांच्या गावातली शाळा आधीच पुढे असते. तिथे पालक-शिक्षक संघटनाच (पीटीए) एका लिलावात जेवढं जमवते तेवढं या शाळांना वर्षभरात दिसत नाही. फेडरल पैसे त्यावर भर घालायला असतात, स्थानिक खर्च काढून घेऊन त्याजागी वापरायला बंदी आहे. मागे इथल्या एका डिस्ट्रिक्टच्या बैठकीत कोणीतरी तसं सुचवलं होतं, तेव्हा हिशोबनिसाने असा चेहरा केला की सूचना करणारा खालीच बसला.

नीलकंठ
थोडं अवांतर. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, स्पीच थेरपी शाळेतूनच मिळते. त्यामागे अपंग मुलांच्या शिक्षणाचा वेगळा कायदा, १९७५ चा, आता त्याला आयडिया म्हणतात. त्यात केंद्राने सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत भार उचलायचं ठरवलं होतं. आजही ते १५ टक्क्यांच्या आतच आहे. उरलेलं डिस्ट्रिक्ट भरतं, आणि आयईपीच्या (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्याच्या) बैठकीत ते आम्हाला न बोलताही जाणवतं. केंद्राचा पैसा कमी झाला तर फरक काय, असं कोणाला वाटत असेल तर अशा एका बैठकीला बसून बघा.

सुगरण
नीलकंठ, तुम्हाला आणि लेकाला शुभेच्छा.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमचे हाल झाले होते. १ जुलैला राज्यांना मिळायचे सहा-सात अब्ज डॉलर वॉशिंग्टनने रोखले. टायटल वनचा मुख्य भाग त्यात नव्हता, पण शिक्षकांचं प्रशिक्षण, टायटल थ्री आणि शाळा सुटल्यानंतरचे कार्यक्रम होते. आमचा आफ्टरस्कूल त्यावरच चालतो. मी सहापर्यंत कामावर, नवरा प्रवासात. जुलैच्या उत्तरार्धात पैसे सोडले. तोपर्यंत मी शेजारच्या रिटायर्ड आजींना चकल्या देऊन ठेवल्या होत्या, न जाणो!

रिकामटेकडा
चकल्यांवर ९० टक्के थेट आजींना, हा नियम पाळला ना?

भटकभवानी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सभेला जाऊन आले, म्हणून वृत्तांत.

संध्याकाळी साडेसहाला ग्रंथालयात. मुलांना शेजारच्या वर्गात हायस्कूलची पोरं सांभाळत होती, रंग आणि क्रॅकर देऊन. पालक फार नव्हते. स्पॅनिश आणि दारी या भाषांचे दोन दुभाषे. आमच्याकडे अफगाण कुटुंबं बरीच आहेत. प्रिन्सिपलनी एक चक्राकार तक्ता दाखवला: बहुतेक पैसे वाचनाच्या दोन मदतनीसांवर आणि एका पालक-समन्वयक बाईंवर, थोडे शनिवारच्या गणिताच्या तासांवर. मी खारीबिस्कीट यांचं वाचून अभ्यास करून गेले होते, तेव्हा हात वर करून विचारलं की कुटुंबांचा १ टक्का वाटा आमच्या शाळेत किती येतो. प्रिन्सिपल खूष. म्हणाल्या, असं क्वचितच कोणी विचारतं. आकडा रोखठोक यांच्या हिशोबाच्या आसपासच निघाला!

मग तो कशावर घालायचा यावर चर्चा. एक पर्याय गणिताची संध्याकाळ, दुसरा पालकांसाठी इंग्रजीचे वर्ग. माझ्या मनात गणित होतं. पण एक अफगाण आई दुभाष्याकरवी म्हणाली की मुलाची बाई फोन करते तेव्हा मी मुलालाच फोन देते, आणि तो काय सांगतो ते मला कसं कळणार? खोलीत जरा हशा पिकला, कारण सगळ्यांची मुलं तशीच. इंग्रजीचे वर्ग ठरले. मंगळवारी सकाळी, मुलं शाळेत असताना, शाळेतच. मी मदतीला जाणार आहे.

फॉर्म दिला. लीज तूर्तास चालू. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

रोखठोक
१,८०० डॉलरमध्ये वर्षभर इंग्रजीचे वर्ग होत असतील तर पिझ्झा आणि बॅनरचं विधान मागे. बाकी मुद्दे कायम. शाळा निवडताना मी आजही रेटिंग बघेन.

चिंगी
बघा ना. फक्त कमी उत्पन्नाच्या मुलांचा निकाल वेगळा दाखवलेला असतो तोही बघा, आणि मागच्या वर्षीपेक्षा मुलं किती पुढे गेली तेही. एकाच आकड्यावर गेलात तर बहुधा घरांच्या किमतीच परत वाचताय.

मोगरा
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. खारीबिस्कीट, तुमच्यासारखं काम मिळायला काय लागतं? एच-४ ईएडी (नवऱ्याच्या व्हिसावर मिळणारा कामाचा परवाना) आहे, भारतातलं बी.कॉम., मुलं दिवसभर शाळेत. शिकवायचा अनुभव फक्त सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्यांचा.

खारीबिस्कीट
मोगरा, टायटल वन शाळेत शिकवण्यात मदत करणाऱ्यांसाठी फेडरल अट आहे: हायस्कूल पूर्ण, आणि त्यावर दोन वर्षांचं कॉलेज किंवा असोसिएट डिग्री, नाहीतर ठरलेली परीक्षा. तुमचं बी.कॉम. चालेल, पण डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ आणि पैसे दोन्ही जातात. परीक्षा स्वस्त पडते. बऱ्याच राज्यांत पॅराप्रो नावाची परीक्षा चालते: वाचन, लेखन, गणित मिळून ९० प्रश्न, अडीच तास. गणित आपल्याकडच्या सातवी-आठवीचं. आधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर बघा, ते काय स्वीकारतात. मग बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी. जागा वर्षभर निघत राहतात, कारण पगार कमी आणि माणसं टिकत नाहीत, हेही सांगून ठेवते. शिकवण्यांचा अनुभव अर्जात जरूर लिहा. आणि फ्लूची लस घेऊनच रुजू व्हा. पहिल्या महिन्यात सगळी पहिली तुमच्या तोंडावर शिंकणार आहे.